शाळिग्रामातलं चक्र कोणी केलं?

तुळशीची लग्नं लागली की माझ्या टपालात शाळिग्राम येतोच. हे सदर सुरू होऊन सहा वर्षं झाली, एकही कार्तिक कोरडा गेलेला नाही. यंदाची बहुतेक पत्रं, मग ती देवघराची असोत की दिवाणखान्यातल्या फरशीची, एकाच समुद्राकडे नेणारी निघाली. तो समुद्र ज्युरासिक काळातला आहे, म्हणजे २० कोटी १० लाख ते १४ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे. त्या आजींना उत्तर नीट मिळायला हवं.

ताई, आमच्या देवघरात सासूबाईंच्या वेळचा शाळिग्राम आहे. यंदा लग्नाच्या वेळी नातवाने तो हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, हा देव नाही, हा मेलेला प्राणी आहे." मला रात्रभर झोप लागली नाही. आम्ही लहानपणापासून ऐकलं ते असं, की वज्रकीट नावाचा किडा दगडात शिरून चक्र कोरतो. यातलं खरं काय? आणि नातू म्हणतो ते खरं असेल तर पूजा करावी की नाही?
– एक आजी, नौपाडा, ठाणे

आजी, नातवाला रागावू नका. तो म्हणतो त्यातलं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं आपण त्याला सांगू या.

उद्या सकाळी स्नान घालून झालं की शाळिग्राम पुसून कोरडा करा, खिडकीशी न्या आणि उन्हाची तिरीप त्यावर आडवी पडेल असा धरा. नातवाकडून एक भिंग मागवा. चक्राच्या मध्यापासून बाहेर निघालेले बारीक कंगोरे दिसतील. त्यातला एक कंगोरा धरून नखाने बाहेरच्या कडेपर्यंत जा. पुष्कळ शाळिग्रामांत तो वाटेत दोन फाटे फोडतो. माझ्या आईच्या शाळिग्रामात प्रत्येक कंगोरा असा दुभंगलेला आहे. ही नक्षी अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या कवचाची. प्राणी त्यात नाही, आणि बहुतेक वेळा त्याचं कवचसुद्धा उरलेलं नसतं. चिखलात उमटलेला त्या कवचाचा ठसा तेवढा दगड होऊन राहिला आहे.

अमोनाइट दिसायला शंखासारखा असला तरी तो गोगलगाईच्या कुळातला नव्हता. तो माकूळच्या कुळातला. तुमच्या घरी मासे येत नसतील तर शेजारी विचारा. माकूळ साफ करताना आतून कधी प्लास्टिकसारखी पारदर्शक पट्टी निघते, आणि दुसऱ्या जातीत एक पांढरा, हलका, लांबट तुकडा निघतो. वैद्य त्याला समुद्रफेन म्हणतात, आपल्याकडे समुद्रफेस. तो तुकडा मोडून पाहिला तर आत कागदाएवढ्या पातळ भिंतींचे कितीतरी मजले दिसतात. ते मजले त्या प्राण्याला पाण्यात तरंगतं ठेवतात. अमोनाइटकडे हीच सोय होती, फक्त त्याचे मजले बाहेरच्या, गुंडाळलेल्या घरात होते.

त्याचा दिनक्रम मी वर्गात असा सांगत असे. प्राणी राहायचा सगळ्यात बाहेरच्या, सगळ्यात मोठ्या खोलीत. अंग वाढलं की घराच्या तोंडाशी नवीन बांधकाम करून तो थोडा पुढे सरकायचा आणि पाठीमागे एक आडवी भिंत घालायचा. मागे सोडलेल्या खोलीत आधी पाणी असायचं. सगळ्या खोल्यांतून जाणाऱ्या एका बारीक नळीवाटे तो ते पाणी शोषून घ्यायचा, मग त्या जागी वायू भरायचा. घर जड होत जाई तशा रिकाम्या खोल्याही वाढत जात, म्हणून तो बुडत नसे. नॉटिलस नावाचा त्याचा एक दूरचा नातेवाईक आजही हिंदी आणि प्रशांत महासागराच्या खोल पाण्यात आहे आणि अजून हेच करतो.

नॉटिलसच्या भिंतीची कड साधी, वाकलेली असते. अमोनाइटच्या भिंतीची कड मात्र जिथे कवचाला चिकटते तिथे कोथिंबिरीच्या पानासारखी कातरलेली असते. शाळिग्रामावर अशी कातरलेली रेघ दिसली तर ती खोलीची भिंत समजायची.

आता वज्रकीट. ज्यांनी ही कल्पना पहिल्यांदा केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. गंडकीच्या पात्रात गुळगुळीत गोटे हजारो आहेत. त्यातल्या थोड्यांच्याच आत चक्र आहे. ते पाण्याने झालेलं नाही, वाऱ्याने झालेलं नाही, कुणा जिवंत जिवाचं हे काम आहे, एवढं त्यांनी ओळखलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिट्बी गावात असेच अमोनाइट सापडतात. तिथल्या लोकांनी त्यांना दगड झालेले साप मानलं, आणि हिल्डा नावाच्या साध्वीने सापांना शाप दिला अशी कथा रचली. विकणारे तर त्यावर सापाचं तोंडही कोरून द्यायचे. आपल्याकडच्या माणसांनी त्यात जिवाचं काम पाहिलं, ते सत्याच्या जास्त जवळचं होतं. फरक दिशेचा आहे. वज्रकीटाच्या कथेत दगड आधी असतो आणि किडा बाहेरून आत कोरत जातो. अमोनाइट केंद्रापासून सुरुवात करून बाहेर बांधत आला. त्याच्या जन्माच्या दिवसाची खोली अगदी मधोमध आहे, टाचणीच्या टोकाएवढी. दगड त्यानंतर झाला.

कसा झाला, तेही नातवाला सांगा. त्या वेळी आपला भारत दक्षिण गोलार्धात, आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. आजचा हिमालय जिथे आहे तिथे आपल्या उत्तर किनाऱ्याबाहेर टेथिस नावाचा समुद्र होता. हे नाव एडुआर्ड झ्यूस या भूशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये ग्रीक जलदेवतेवरून दिलं. ज्युरासिकच्या शेवटच्या भागात त्या समुद्राच्या तळाशी काळा, प्राणवायू कमी असलेला गाळ साचत होता. या गाळाच्या खडकाला हिमाचलातल्या स्पितीवरून स्पिती शेल म्हणतात (शेल म्हणजे पापुद्र्यांचा मऊ खडक), आणि तोच पट्टा पुढे नेपाळात मुस्तांग-मुक्तिनाथपर्यंत जातो. मेलेला अमोनाइट या गाळात पडायचा. त्याचं मांस कुजताना सभोवतालच्या पाण्याची रसायनं बदलायची, आणि त्याच्याभोवती चुन्याची, लोहाची खनिजं गोळा होऊन गाळ तेवढ्यापुरता घट्ट व्हायचा. लाडू वळावा तसा गोटा तयार व्हायचा. वरून आणखी गाळ साचला तेव्हा आजूबाजूचं सगळं दबून पातळ झालं. ज्या अमोनाइटांभोवती गोटा झाला नाही ते शेलच्या पापुद्र्यांत पापडासारखे चपटे सापडतात. तुमचा शाळिग्राम गोल राहिला, कारण त्याला त्या गोट्याने वेळेत कवटाळलं होतं. काही शाळिग्रामांत सोनेरी चमक दिसते आणि लोक ती सोन्याची समजतात. ते लोह आणि गंधकाचं खनिज, पायराइट. त्या कुबट, प्राणवायू नसलेल्या चिखलाचीच ती खूण.

मग भारत उत्तरेला सरकत येऊन सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. समुद्रतळ उचलला गेला. काली गंडकी त्यातून वाट काढू लागली, मऊ शेल धुऊन नेला आणि कठीण गोटे पात्रात लोळवत आणले. समुद्राच्या तळाचा चिखल आज साडेतीन हजार मीटरांहून उंच मुक्तिनाथाजवळ सापडतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडकही समुद्राचाच आहे, आणि ज्युरासिकहून कितीतरी जुना.

पूजा जरूर करा, आजी. माझी आई करायची, आता मी करते. प्राण्याच्या घराचा ठसा आहे हे कळल्यावर त्याला पाणी घालताना माझा हात जास्त जपून चालतो. मात्र दोन गोष्टी पाळा. लिंबू, चिंच, आमसूल यांपैकी काहीही त्याला लावू नका. आतला चुना आंबटाने विरघळतो आणि कंगोरे झिजतात. आणि "आतलं दुसरं चक्र पाहू" म्हणून कुणी फोडायला सांगितलं तर ऐकू नका.

जमलं तर आणखी एक करा. सासूबाईंनी तो कुणाकडून आणला, कोणत्या यात्रेत, कोणत्या साली, जेवढं आठवतं तेवढं एका कागदावर लिहून देवघराच्या खणात ठेवा. का, ते शेवटच्या पत्रात सांगते.

सीवूड्सच्या एका प्रदर्शनातून मी "ज्युरासिक शाळिग्राम, हिमालय" अशी चिठ्ठी लावलेला, मधोमध कापून चकाकी दिलेला अमोनाइट घेतला. फोटो सोबत आहेत. घरचे म्हणतात प्लास्टर आहे. फसलो का?
– एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई

प्लास्टर नाही, अमोनाइट खरा आहे. तुमच्या फोटोत भिंती स्पष्ट आहेत, खोल्यांत कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या खनिजाचे, मधाच्या रंगाचे स्फटिक भरले आहेत, बाहेरून मोत्यासारखी झाक आहे. ओतून केलेल्या नकलेत प्रत्येक खोली सारखी दिसते. तुमच्याकडे दोन खोल्या चिखलाने भरल्या आहेत, बाकीच्यांत स्फटिक आहेत. मेल्यानंतर कवच जिथे तडकलं तिथून चिखल आत गेला. इतकं खरं कुणी नकलेत करत नाही.

खोटी आहे ती चिठ्ठी. असे कापलेले, मोतिया झाक असलेले अमोनाइट मादागास्करहून येतात. ते ज्युरासिकचे नाहीत, त्यानंतरच्या क्रिटेशियस काळातले आहेत, साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचे. हिमालयाचा तर काहीच संबंध नाही.

तरी तो टाकून देऊ नका. हा प्राणी तिथे पोहत होता तेव्हा भारत आणि मादागास्कर अजून एकमेकांना चिकटलेले होते. ते वेगळे झाले सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी. ज्युरासिकमध्येही कच्छच्या समुद्रातले आणि मादागास्करच्या समुद्रातले अमोनाइट इतके सारखे होते, की अभ्यासक दोन्हींचा एकच प्राणिप्रदेश धरतात. जुनी चिठ्ठी काढा आणि त्या जागी "मादागास्कर, क्रिटेशियस, सीवूड्सला विकत घेतला" असं लिहून तारीख घाला.

आम्ही वाशीतल्या रो-हाउसमध्ये खाली पिवळी जैसलमेर फरशी घातली आहे. तिच्यात शिंपल्यांसारखे आकार आणि गोल चकत्या दिसतात. शिवाय एका ठिकाणी नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे. स्वयंपाकघरात शहाबादी आणि कडाप्प्याचा ओटा आहे. त्यातही काही सापडेल का?
– एक गृहिणी, वाशी

पिवळ्या फरशीत सापडेल. हा चुनखडीचा दगड ज्युरासिकच्या मधल्या भागातल्या उथळ, उबदार समुद्रात साचला. तेव्हा जैसलमेर किनारा होतं. बारीक कोयरीसारखे आकार शिंपल्यांचे आडवे छेद आहेत. चकत्यांच्या मध्यावर भोक असेल आणि कड तारेसारखी असेल, तर त्या क्रिनॉइडच्या देठाच्या असू शकतात. क्रिनॉइड फुलझाडासारखा दिसतो, पण तो तारामाशाचा भाऊबंद आहे. समुद्राच्या तळाला देठ रोवून वर हात पसरायचा आणि वाहत येणारे कण टिपायचा. मेल्यावर देठ माळेच्या मण्यांसारखा विखरायचा. तुमच्या दिवाणखान्यात त्या मण्यांवरून चाललं जातं. २०२१ मध्ये जैसलमेरच्या याच काळातल्या खडकांतून एका शार्क माशाच्या दातांवरून नवी जात नोंदली गेली. तिला नावही जैसलमेरचंच दिलं आहे, स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस. दात टोकदार नव्हते, शंख-शिंपले चुरडायला जातं असावं तसे चपटे होते.

काळी नेच्याची नक्षी मात्र वनस्पती नाही. भेगेतून झिरपलेल्या पाण्याने मँगनीजचं खनिज फांद्याफांद्यांनी साठवलं, त्याची ती नक्षी. माझ्याकडे येणाऱ्या "पानाच्या जीवाश्मां"पैकी निम्मी अशी निघतात.

शहाबादी आणि कडाप्प्यात शिंपला शोधू नका. शहाबादी कलबुर्गीकडची, कडाप्पा आंध्रातला. दोन्ही गाळ प्राण्यांना कवच यायच्या आधीच साचून दगड झाले होते. कवचाचे प्राणी समुद्रात भरभराटीला आले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, हे दगड त्याआधीचे. तुमच्या ओट्यापासून दिवाणखान्यापर्यंत चार पावलं आहेत, आणि तेवढ्यात तुम्ही कवच नसलेल्या समुद्रातून शंख-शिंपल्यांनी भरलेल्या समुद्रात येता. मी वर्गाला हे शिकवायला दोन आठवडे घ्यायचे.

आणि कृपा करून त्या पिवळ्या फरशीवर बाथरूमचं ॲसिड वापरू नका. फरशी फसफसली की तो शिंपला गेलाच.

मी सहावीत आहे. मला समुद्रातले डायनासोर आवडतात. भारतात ते सापडले आहेत का? आणि आमच्या खाडीत खोदलं तर सापडतील का?
– ऐरोली

तुझ्या अक्षरावरून पत्र तू एकट्याने लिहिलंस हे कळतं. छान लिहिलंस.

आधी एक दुरुस्ती. तू चित्र काढून पाठवलेला इक्थिओसॉर डायनासोर नव्हता. तो समुद्रात राहायला गेलेला सरपटणारा प्राणी होता. श्वासाला त्याला वर यावंच लागायचं. तो अंडी घालायला किनाऱ्यावर येत नसे. पिल्लं पोटातच वाढायची आणि पाण्यात जन्मायची. पोटात पिल्लं असलेल्या माद्यांचे जीवाश्म सापडले आहेत, म्हणून हे खात्रीने सांगता येतं.

भारतात तो सापडला आहे! कच्छमध्ये लोडाई गावाजवळ, ज्युरासिकच्या शेवटच्या भागातल्या खडकात. २०१७ मध्ये त्याची माहिती छापून आली. सांगाडा जवळजवळ पूर्ण आहे आणि प्राणी साडेपाच मीटर लांब असावा. दोन रिक्षा एकामागे एक उभ्या कर, साधारण तेवढा. त्याचे दात झिजलेले होते, म्हणजे तो कठीण काहीतरी चावून खायचा. त्याच समुद्रात कवचाचे पुष्कळ प्राणी होते. या अंकातल्या नौपाड्याच्या आजींकडच्या अमोनाइटासारखे प्राणी त्याच्या ताटात असणार असं मला वाटतं.

चित्रात तू शेपूट डॉल्फिनसारखी आडवी काढली आहेस. इक्थिओसॉरची शेपूट माशासारखी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते. दोघांचे पूर्वज जमिनीवरचे, दोघांचं अंग पाण्याने सारखं निमुळतं केलं, पण शेपटी वेगळ्या राहिल्या. दुसरं चित्र काढून पाठव, मी ते भिंतीला लावेन. आणि हे वाच: इंग्लंडमध्ये १८१२ च्या सुमारास मेरी ॲनिंग या मुलीने आपल्या भावासोबत किनाऱ्याच्या कड्यातून एक इक्थिओसॉर बाहेर काढला, तो शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचला आणि गाजला. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती.

आता खाडी. आपल्या ऐरोलीला, ठाण्याला, येऊरला, पारसिकच्या डोंगराला जो काळा दगड आहे तो बसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहिला. ज्युरासिक समुद्र आटून तोवर फार काळ लोटला होता, आणि तापलेल्या लाव्ह्यात माशाचं हाडही टिकत नाही. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी कधी तळ्यांचा गाळ सापडतो. मुंबईत वरळीला अशा गाळात छोट्या बेडकाचे जीवाश्म मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो गोड्या पाण्यातला होता. म्हणजे आपल्या जवळचा जीवाश्म बेडूक आहे, इक्थिओसॉर नाही.

पण खाडीत बघायला खूप आहे. ओहोटीला आईबाबांबरोबर काठावर जा आणि चिखलावर उड्या मारणारी निवटी शोध. कुणी सांगेल की जमिनीवर आलेल्या पहिल्या प्राण्यांची ती पूर्वज. तसं नाही, ती मासळी वेगळ्या घराण्यातली आणि पुष्कळ नंतरची आहे. ती जमिनीवर यायला स्वतःहून शिकली.

उलव्याला आमच्या इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू असताना बारा फुटांखाली पांढऱ्या शिंपल्यांचा थर लागला. किती कोटी वर्षांचा असेल?
– एक वाचक, उलवे

कोटी नाही, काही हजार. कालवं, तिसऱ्या, खुबे, म्हणजे आजही आपल्या ताटात येतात तेच प्राणी. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती आणि आपली खाडी ही नुसती नदीची खोरी होती. बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या आसपास स्थिरावलं. तुमचा थर त्यानंतर कधीतरी साचलेला. भराव पडण्याआधी एका बाटलीत थोडा घेऊन ठेवा. इमारत उभी राहिल्यावर तो कुणाला दिसणार नाही.

ताई, डिसेंबरमध्ये आम्ही चार मित्र बाइकवरून कच्छला जातोय. तिथे अमोनाइट रस्त्यात पडलेले असतात असं ऐकलं. घरी आणायला हरकत नाही ना? आणि कुठे शोधायचे?
– एक तरुण, घणसोली

पडलेले असतात हे खरं. आणायला हरकत आहे, आणि का ते मी माझ्याच चुकीवरून सांगते.

१९८० च्या दशकात मी विद्यार्थिनी म्हणून पहिल्यांदा कच्छला गेले. भुजच्या पुढे टेकड्यांमध्ये आम्हाला ढोसा ऊलाइट नावाचा थर दाखवला. ऊलाइट म्हणजे अंड्यांसारख्या दाण्यांचा दगड, पण आपल्या माणसाला तो समजावायला एकच शब्द पुरे, गाबोळी. गंजाच्या रंगाची गाबोळी गोठून दगड झाली असावी तसा तो दिसतो, आणि त्यात अमोनाइट इतके आहेत की पाय कुठे ठेवावा कळत नाही. मी वेड्यासारखे गोळा केले. गोणपाटाची अर्धी पिशवी भरली. सर प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी लिहायला सांगत होते: ठिकाण, थर, वरच्या थरापासूनचं अंतर, तारीख. मी म्हटलं, रात्री लिहू. रात्री धर्मशाळेत पिशवी ओतली तेव्हा खालच्या थरातला कोणता आणि वरचा कोणता, मला सांगता येईना. सरांनी रागावून काही म्हटलं नाही. सकाळी माझ्यासोबत चालत येऊन सगळे परत टेकडीच्या पायथ्याशी ठेवायला लावले. एक मी पदराआड राहू दिला. तो अजून माझ्या कपाटात आहे आणि त्याच्यावरून मी आजवर एक वाक्यही लिहू शकलेले नाही.

अमोनाइट काही जगातले सगळ्यात सुंदर प्राणी म्हणून भूशास्त्रात मोठे झालेले नाहीत. त्यांच्या जाती लवकर लवकर बदलत गेल्या आणि समुद्रभर दूरदूर पसरल्या, म्हणून त्यांच्यावरून खडकाचं वय ओळखता येतं. जर्मनीत आल्बर्ट ओपेल यांनी १८५० च्या दशकात याच प्राण्यांवरून ज्युरासिकचे बारीक पट्टे पाडले. एक जात सापडली की तुम्ही कोणत्या पट्ट्यात आहात हे समजतं, पण ती कोणत्या थरातून निघाली हे माहीत असेल तरच. थरातून उचलून खिशात टाकलेला अमोनाइट म्हणजे पान फाडून घेतलेली पोथी.

कच्छचं काम ज्यांच्यावर उभं आहे त्यांचंच पाहा. फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८७० च्या सुमारास कच्छचे थर पाहिले, नमुने घेतले, नोंदी ठेवल्या. १८७४ मध्ये यारकंदहून परतताना लडाखमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांचं थडगं लेहला आहे. नमुने होते आणि त्यांच्या नोंदी होत्या, म्हणून विल्हेल्म वागेन यांना कच्छच्या अमोनाइटांवर मोठा ग्रंथ लिहिता आला. पच्छम, चारी, कटरोल, उमिया ही थरांची चार नावं तेव्हापासून आहेत. आजही कच्छला जाणारा प्रत्येक विद्यार्थी ती पाठ करतो.

म्हणून तुम्ही चौघांनी असं करा. हातोडी नेऊ नका. अमोनाइट दिसला की आहे तिथेच राहू द्या, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, मग मागे सरून पूर्ण टेकडी येईल असा दुसरा फोटो काढा, आणि मोबाइलवर जागेची खूण ठेवा. मोठ्या आणि लहान आकाराचे दोन सारखेच अमोनाइट जवळजवळ दिसले तर दोघांचाही फोटो घ्या. पुष्कळ जातींत मोठी मादी आणि लहान नर अशी जोडी असते. लहानाच्या तोंडाशी कधी कधी दोन कानांसारख्या जिभा असतात, त्या पाहा. बंदुकीच्या गोळीसारखे लांबट दगड दिसतील, ते बेलेम्नाइट, माकूळचेच दुसरे नातेवाईक. हाडासारखं काही दिसलं, विशेषतः चकत्यांसारखे मणके ओळीने, तर हात लावू नका. जागा टिपून जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. लोडाईचा इक्थिओसॉर जर कुणी तुकडे करून घरी नेला असता तर ऐरोलीच्या त्या मुलाला आज मी काय उत्तर दिलं असतं?

निघायच्या आठवडाभर आधी मला लिहा. तुमचा रस्ता कळला की ढोसा ऊलाइटचा थर रस्त्याच्या कडेला कुठे उघडा आहे ते नकाशावर खूण करून पाठवते. आणि परत आल्यावर फोटो पाठवा. माझ्या त्या एका अमोनाइटासारखा एखादा त्यात दिसला, तर निदान तो कोणत्या थराचा ते मला कळेल.